डेड स्टॉक रजिस्टरमधला नंबर मॉनिटरलाच विचारा



आजचा विषय जरा कोरडा वाटेल. निबंध नाही, कविता नाही, सुविचारही नाही. संगणक खोलीतल्या मॉनिटरचा सिरियल नंबर, एवढाच विषय. पण याच नंबरापायी आमच्या शाळेतल्या एका ज्येष्ठ सरांची निवृत्तीची कागदपत्रं महिनाभर अडकून पडली होती. म्हणून म्हणतो, पाच-दहा मिनिटं काढून वाचाच.

सरांना वयाची ५८ वर्षं पूर्ण होत होती. दहा वर्षं संगणक खोलीचा प्रभार त्यांच्याकडे. तो प्रभार माझ्याकडे द्यायचा ठरलं. मी रजिस्टर घेतलं आणि दोघं मिळून मोजायला लागलो. टेबल वीस, खुर्च्या चाळीस, सीपीयू वीस, मॉनिटर वीस. सगळं बरोबर. मग मुख्याध्यापक म्हणाले, "नंबर पण जुळवून घ्या हो, उद्या ऑडिटला मलाच उत्तर द्यावं लागतं." आणि तिथं गाडी अडली. रजिस्टरमधले सात मॉनिटरचे नंबर प्रत्यक्षात कुठल्याच मॉनिटरवर सापडेनात.

मॉनिटर वीसच होते, एकही कमी नव्हता. पण कागदाच्या हिशेबाने सात मॉनिटर गायब आणि सात अनोळखी मॉनिटर खोलीत हजर! मुख्याध्यापकांनी ना-देय दाखल्यावर सही करायचं थांबवलं. त्यांचंही चूक म्हणता येणार नाही. सर मात्र फार दुखावले. मोबाईलची बॅटरी लावून, गुडघे दुखत असताना टेबलामागे वाकून ते एकेक स्टिकर पुन्हा वाचायचे. एकदा वाचला की बी, दुसऱ्यांदा वाचला की आठ. एक दिवस खुर्चीवर बसले आणि मला म्हणाले, "अहो, या वयात मी काय मॉनिटर घरी नेले असतील का?"

ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. म्हणूनच आज माझं मत स्पष्ट मांडतो: शाळेच्या रजिस्टरमध्ये संगणकाचा आणि मॉनिटरचा नंबर डोळ्यांनी वाचून, हाताने लिहून भरू नये. तो त्या यंत्रालाच विचारावा, छापून घ्यावा आणि मग सही करावी. यासाठी वेगळा तंत्रज्ञ लागत नाही. चार ओळींची स्क्रिप्ट आणि एक दुपार पुरते.

मॉनिटरला स्वतःचा नंबर माहीत असतो

आपल्यापैकी पुष्कळांना वाटतं की मॉनिटर म्हणजे नुसती काच. अक्कल सगळी सीपीयूमध्ये. तसं नाही. प्रत्येक मॉनिटरच्या आत एक छोटीशी स्मृती-चिप असते आणि तिच्यात त्याचं ओळखपत्र साठवलेलं असतं. त्याला 'ईडीआयडी' म्हणतात. व्हेसा या संस्थेने १९९४ मध्ये ही पद्धत ठरवून दिली. केबल जोडली की संगणक विचारतो, "तू कोण?" आणि मॉनिटर त्याच केबलमधून ओळखपत्र पुढे करतो. त्यावरूनच संगणकाला कळतं की पडदा केवढा आहे, चित्र किती बारकाईने दाखवायचं. अगदी वर्गातली हजेरीच म्हणा ना!

हे मूळ ओळखपत्र फक्त १२८ बाइटचं असतं. पण त्यात किती काय बसवलंय ते पाहा. कंपनीचं तीन अक्षरी नाव, मॉडेलचा क्रमांक, सिरियल नंबर, बनवल्याचं वर्ष आणि आठवडासुद्धा. हे वाचून मला तर गणिताचा एक अख्खा तास सुचला.

कंपनीचं नाव घ्या. इंग्रजी अक्षरं २६. दोनाचा पाचवा घात ३२, म्हणजे एका अक्षराला पाच बिट पुरतात. तीन अक्षरांचे झाले पंधरा बिट. दोन बाइटमध्ये सोळा बिट असतात, एक उरतो. डेलच्या मॉनिटरमध्ये 'डी-ई-एल' हे नाव ४, ५, १२ असं साठवलेलं असतं, कारण डी हे चौथं अक्षर, ई पाचवं आणि एल बारावं. एलजीच्या मॉनिटरवर मात्र 'जी-एस-एम' असं येतं. मुलांना आधी वाटलं मोबाईलचं जीएसएम! खरं तर ते कंपनीच्या जुन्या नावाचं, गोल्डस्टारचं, लघुरूप आहे. नाव १९९५ मध्ये बदललं, पण मॉनिटरच्या पोटातली खूण राहिली.

वर्ष साठवायची युक्तीही गमतीची. पूर्ण वर्ष लिहीत नाहीत, १९९० नंतर किती वर्षं झाली तेवढाच आकडा लिहितात. २४ असेल तर २०१४. एका बाइटमध्ये २५५ पर्यंत आकडा मावतो, म्हणजे २२४५ सालापर्यंत चिंता नाही. आणि शेवटचा बाइट पडताळ्याचा: १२८ बाइटची बेरीज केली की तिला २५६ ने निःशेष भाग गेलाच पाहिजे. नाही गेला, तर वाचताना कुठेतरी चूक झाली. पाठ्यपुस्तकाच्या मागे छापलेल्या आयएसबीएन क्रमांकाचा शेवटचा अंकही असाच पडताळ्याचा असतो, हे मुलांना दाखवून द्या. ती लगेच पुस्तकं उलटी करून बघतात.

स्क्रिप्ट काय करते?

विंडोजमध्ये 'पॉवरशेल' नावाची सोय आधीपासूनच असते. वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही, उतरवून घ्यावं लागत नाही. विंडोज आपल्या सगळ्या यंत्रभागांची माहिती 'डब्ल्यूएमआय' नावाच्या कोठारात ठेवतं. त्या कोठारात 'डब्ल्यूएमआय-मॉनिटर-आयडी' असा एक कप्पा आहे. स्क्रिप्ट एवढंच करते: तो कप्पा उघडते, कंपनी, मॉडेलचं नाव, सिरियल नंबर, वर्ष आणि आठवडा बाहेर काढते, आणि एका फाइलमध्ये एक ओळ लिहिते. ती फाइल पुढे एक्सेलमध्ये उघडते.

नववीची चार मुलं सोबत घेऊन मी पहिल्या संगणकावर आज्ञा दिली. पडद्यावर नावाच्या जागी आकड्यांची रांग आली आणि शेवटी नुसती शून्यं. एक मुलगी म्हणाली, "सर, हे तर सगळे आकडेच आहेत, नंबर कुठाय?" मलाही क्षणभर वाटलं, काहीतरी चुकलं. मग लक्षात आलं की हा कप्पा अक्षरं देत नाही, अक्षरांचे सांकेतिक क्रमांक देतो. डी म्हणजे ६८, ई म्हणजे ६९, एल म्हणजे ७६. मागची शून्यं म्हणजे रिकाम्या जागा, त्या सोडून द्यायच्या. स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली की आकड्यांची अक्षरं होतात. पण मुलांनी आधी फळ्यावर तक्ता मांडून हातानेच एक नंबर सोडवला. गुप्तहेराची भाषा उलगडावी तसा आनंद त्यांना झाला.

आणि त्या आकड्यांतच आमच्या सरांची सुटका होती. स्टिकरवर शून्य आणि ओ सारखेच दिसतात. आठ आणि बी, पाच आणि एस, तेही तसेच. पण संकेतांत शून्य म्हणजे ४८ आणि ओ म्हणजे ७९. आठ म्हणजे ५६, बी म्हणजे ६६. पाच म्हणजे ५३, एस म्हणजे ८३. चष्म्याचा नंबर वाढो की खोलीतला उजेड कमी असो, ४८ चे ७९ होत नाहीत.

दुपारी तीनपर्यंत वीस ओळी तयार झाल्या. रजिस्टरशी ताडून पाहिल्या. सातपैकी पाच ठिकाणी निव्वळ वाचनाची चूक निघाली. २०१४ मध्ये संगणक बसवले त्या दिवशी कुणीतरी घाईत आठचा बी केला होता, शून्याचा ओ केला होता. एवढंच!

उरले दोन. त्यांचे नंबर रजिस्टरशी दुरूनही जुळत नव्हते. मग मुलांपैकी एकाचं लक्ष वर्षाच्या रकान्याकडे गेलं. "सर, बाकी सगळे २०१४ चे आहेत, हे दोनच २०१५ चे कसे?" बरोबर! खरेदी २०१४ ची असेल तर २०१५ मध्ये बनलेला मॉनिटर त्या खरेदीतला असूच शकत नाही. म्हणजे हे दोन मागाहून आले. जुन्या फाइली काढल्या, तर वॉरंटीत दोन मॉनिटर बदलून दिल्याचं चलन सापडलं. बदलताना रजिस्टरमध्ये नोंद करायची राहून गेली होती. चलनावरचे नंबर आणि मॉनिटरने सांगितलेले नंबर अक्षर न् अक्षर जुळले.

मुख्याध्यापकांनी दुसऱ्याच दिवशी दाखल्यावर सही केली. सर काही बोलले नाहीत. त्या चारही मुलांना त्यांनी कँटीनमध्ये नेऊन वडापाव खाऊ घातला.

"हे शिक्षकाचं काम आहे का?"

हा प्रश्न तुम्ही विचारणारच, आणि तो रास्त आहे. जनगणना, मतदार याद्या, सर्वेक्षणं, पोर्टलवरची माहिती. अशैक्षणिक कामांनी आपण आधीच वाकलोय. त्यात आता मॉनिटरचे नंबर?

माझं उत्तर असं. काम तर आपल्या गळ्यात आधीपासून आहेच. प्रभार शिक्षकाकडेच असतो, सही शिक्षकाचीच असते, आणि तफावत निघाली की शब्दही शिक्षकालाच ऐकावे लागतात. मग ते टेबलाखाली वाकून चार वेळा करायचं, की यंत्राकडून एकदा करून घ्यायचं? वीस संगणकांना आम्हाला एक दुपार लागली, तीही पहिल्यांदा होती म्हणून. पुढच्या वेळी पेन ड्राइव्हवर तीच स्क्रिप्ट घेऊन गेलो, तेव्हा एका संगणकाला दोन मिनिटंही लागली नाहीत.

दुसरं म्हणजे, यू-डायस प्लसमध्ये आपण दर वर्षी संगणकांची संख्या भरतो. संख्या बरोबर असली की आपल्याला वाटतं हिशेब बरोबर आहे. पण आमच्याकडे संख्या वीसच्या वीस होती आणि तरीही एक माणूस महिनाभर संशयाखाली वावरला. कोणती वस्तू कोणती, हे संख्येवरून कळत नाही.

तिसरं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. मुलांना आपण संगणक विषयात काय शिकवतो? पेंटमध्ये झोपडी काढा, वर्डमध्ये अर्ज लिहा, भागांची नावं पाठ करा. त्या दुपारी त्या चार मुलांनी द्विमान पद्धत, अक्षरसंकेत, पडताळा आणि तक्ता, हे सगळं एका खऱ्या कामासाठी वापरलं. त्यांच्या हिशेबामुळे एका शिक्षकावरचा डाग पुसला गेला. असा धडा पुस्तकात नाही.

यंत्रही सगळं सांगत नाही

आता दुसरी बाजू. स्क्रिप्ट चालवली की सगळं आपोआप खरं होतं, असं समजू नका. आम्हाला आलेल्या अडचणी सांगतो.

मुख्याध्यापकांच्या कार्यालयातल्या मॉनिटरने सिरियल नंबरच्या जागी नुसतं शून्य सांगितलं. काही कंपन्या तो रकाना भरतच नाहीत. लॅपटॉपच्या पडद्याचंही बहुधा असंच असतं. काही मॉनिटर १६८४३००९ असा आकडा देतात. एकाच खोलीत तो दोघातिघांकडून आला तर चक्रावून जाऊ नका, तो खरा नंबर नसून जागा भरायला टाकलेला आकडा असतो. अशा ठिकाणी स्टिकरचा स्वच्छ फोटो काढून तोच पुरावा धरावा लागतो.

ओळखपत्रातल्या सिरियल नंबराच्या रकान्यात जास्तीत जास्त तेरा अक्षरं मावतात. काही कंपन्यांच्या स्टिकरवरचा नंबर त्याहून लांब असतो. मग दोन्ही नंबर लिहा आणि कोणता कुठून घेतला तेही लिहा.

जुन्या व्हीजीए केबलची एखादी पिन तुटलेली असेल, किंवा मध्ये एखादा स्वस्तातला कन्व्हर्टर असेल, तर मॉनिटरचं म्हणणं संगणकापर्यंत पोचतच नाही. केबल बदलून पाहा. आणि प्रोजेक्टर जोडलेला असेल तर यादीत तोही मॉनिटर म्हणून हजेरी लावतो!

इंटरनेटवर काही स्क्रिप्ट अशा मिळतात की त्या डब्ल्यूएमआयऐवजी विंडोजच्या रजिस्ट्रीमधून माहिती काढतात. तिथे पूर्वी कधीकाळी जोडलेल्या मॉनिटरच्या नोंदीही पडून असतात. त्यामुळे भंगारात गेलेला मॉनिटरसुद्धा "हजर" म्हणतो. आमच्या एका संगणकाने असे तीन मॉनिटर सांगितले होते, समोर एकच. आत्ता जोडलेला कोणता, एवढंच सांगणारी स्क्रिप्ट वापरा.

सीपीयूचंही ऐका. त्याचा नंबर बायोसमध्ये असतो आणि स्क्रिप्ट तोही आणते. पण असेंबल केलेल्या संगणकात तिथे बऱ्याचदा 'टू बी फिल्ड बाय ओईएम' असं इंग्रजी वाक्य येतं. म्हणजे 'बनवणाऱ्याने भरावे'. आणि बनवणाऱ्याने भरलेलं नसतं! आमच्या वीसपैकी वीस सीपीयूंनी हेच उत्तर दिलं. तिथे मग मदरबोर्ड, हार्ड डिस्क आणि रॅम यांचे नंबर वेगवेगळे काढावे लागतात. त्यासाठी वेगळे कप्पे आहेत, पद्धत तीच.

काही शाळांत उबुंटू आहे. तिथेही अडत नाही. जोडलेल्या मॉनिटरचं ओळखपत्र तिथे 'ईडीआयडी' नावाच्या फाइलमध्ये जसंच्या तसं मिळतं आणि 'ईडीआयडी-डिकोड' ही मोफत आज्ञावली ते वाचून दाखवते.

शेवटची सूचना काळजीची आहे. विंडोज सहसा बाहेरून आणलेली स्क्रिप्ट आपणहून चालू देत नाही. ही अडवणूक आपल्या भल्यासाठीच आहे. ती कायमची बंद करून ठेवू नका, तेवढ्या वेळापुरतीच मुभा द्या. आणि जी स्क्रिप्ट ओळ न् ओळ समजत नाही, ती शाळेच्या संगणकावर चालवू नका. चार ओळींची स्क्रिप्ट वाचून समजते. चारशे ओळींची कुणी पाठवली तर विचारा, बाकीच्या ओळी कशासाठी?

शाळांनी काय करावं

माझं म्हणणं चार वेळांपुरतं आहे. नवं सामान आलं की पोचपावतीवर सही करण्याआधी स्क्रिप्ट चालवा आणि चलनावरच्या नंबरांशी जुळवा. प्रभार देताना-घेताना दोघांच्या समोर चालवा, छापील यादीवर दोघांच्या सह्या घ्या आणि ती रजिस्टरला चिकटवा. दुरुस्तीला पाठवण्याआधी आणि परत आल्यावर चालवा. आणि निर्लेखनाच्या वेळी, भंगार बाहेर जाण्याआधी, जी यंत्रं अजून सुरू होतात त्यांच्यावर शेवटचं एकदा चालवा. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. हा माल नोंदणीकृत प्रक्रियादाराकडे जायला हवा, आणि काय दिलं याचा नेमका कागद आपल्याकडे राहायला हवा.

बदली मॉनिटर आला तर त्याच दिवशी रजिस्टरमध्ये नोंद करा, एवढं तर स्क्रिप्टशिवायही करता येतं. आमच्या सरांच्या प्रकरणात ती एक ओळ राहिली होती.

पालकांसाठी थोडंसं

पालकहो, हे तुमच्याही कामाचं आहे. घरचा संगणक किंवा लॅपटॉप दुरुस्तीला देताना आपण बिलाची प्रत घेतो, पण आत कोणती रॅम आहे, कोणती डिस्क आहे, हे आपल्याला माहीत नसतं. परत आल्यावर काही बदललंय का, हेही मग सांगता येत नाही. देण्याआधी मुलाला किंवा मुलीला सांगा, "आपल्या संगणकाची यादी काढून दे." आणल्यावर पुन्हा काढायला सांगा. कुणावर संशय घ्यायचा म्हणून नव्हे. दुकानदाराशी बोलताना दोघांच्याही समोर एकच कागद असला की वाद होत नाहीत.

एक मात्र पाळा. यादी आपल्या यंत्राची काढायची. दुसऱ्याच्या यंत्राची माहिती त्याला न विचारता काढू नये, हे मुलांना त्याच वेळी सांगा. शाळेनेही मुलांच्या घरच्या लॅपटॉपची अशी यादी मागू नये. शाळेला तिची गरज नाही.

आमच्या रजिस्टरमध्ये आता त्या पानावर जुने सात नंबर लाल शाईने एका रेघेत खोडलेले आहेत, शेजारी बरोबर नंबर आहेत आणि खाली तिघांच्या सह्या. मुख्याध्यापकांची, माझी आणि निवृत्त होण्याआधी सरांची. चार मुलांची नावंही 'पडताळणी साहाय्य' म्हणून पेन्सिलीने लिहिली आहेत. शाईने लिहायला नियमात बसत नाही म्हणाले.

या शनिवारी शाळा सुटल्यावर एकच करा. संगणक खोलीतला कुठलाही एक मॉनिटर निवडा, त्याला त्याचा नंबर विचारा आणि रजिस्टर उघडून बघा. जुळला तर उत्तमच. नाही जुळला, तर प्रभार कुणाकडे आहे ते आठवा आणि त्या शिक्षकाला आजच सांगा, निवृत्तीच्या महिन्यात नको.